पप्पांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अख्खं येतं. याला प्रार्थना म्हणायचं का?

भिंगारची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही नगरचे (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही). चार पिढ्यांचे ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. पप्पा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, वय ७४. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात नाही आला. आणि बोलणं गेलं. बोबडं झालं असं नाही, गेलंच. तहान लागलीये, तांब्याकडे बघतायत, ओठ हलतायत आणि बाहेर येतं ते ‘ते... ते... ते...’ एवढंच. माझं नाव येत नाही. आईला आयुष्यभर ‘अगं’ अशीच हाक मारली, तेवढं मात्र येतं. आई म्हणते, बरं झालं कधी नावाने हाक मारली नाही.

आता पप्पांच्या प्रार्थनेबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात रात्री आठला प्रार्थना. एक गीत, बायबलमधला एक उतारा, मग प्रार्थना. गीत बहुतेक वेळा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं, पेटीवर पप्पा. प्रार्थनाही पप्पाच करायचे, आणि ती कधी पाठ केलेली नसायची. उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सुरू. आजचा दिवस दाखवलास म्हणून तुझे उपकार. मग पंतप्रधान (पक्ष कुठलाही असो), मग पाऊस, मग प्रवासात असलेले, दवाखान्यात असलेले, दहावीला बसलेले, एकेकाचं नाव घेऊन. एकदा समोरच्यांची म्हैस अडली होती, तीसुद्धा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘ही आमची तोडकीमोडकी प्रार्थना तुझ्या पुत्राच्या नावाने ऐकून घे.’ तोडकीमोडकी म्हणजे पंचवीस मिनिटं! भाकरी गार होऊन वातड व्हायची. मी आणि भाऊ एक डोळा किलकिला करून घड्याळ बघायचो, आणि आईचाही एक डोळा उघडा असायचा.

हे त्यांच्याकडे त्यांच्या आजीकडून आलं. ती १९०० च्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर. तिथे १९०५ साली मुलींमध्ये प्रार्थनेचं जे वारं शिरलं, शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या, त्यात तीही होती. ती सांगायची, देवाशी बोलायला पुस्तक कशाला लागतं? पप्पांनी ते धरून ठेवलं. पाठ केलेल्या प्रार्थनेला त्यांच्या लेखी किंमत नाही. देवळात सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना (हीच, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) म्हणायचे, घरी कधीच नाही. कॉलेजात असताना मी एका कॅथलिक मैत्रिणीच्या घरी रोजरी (माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना) ऐकून आले आणि कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, ‘पोपटपंची.’

आणि गेल्या मार्चमधली ती रात्र. मी त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होते. आई दमून खुर्चीत बसलेली, ती स्वतःशीच पुटपुटायला लागली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या...’ आणि पप्पांनी पुढचं उचललं. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो.’ स्पष्ट! ‘तुझे राज्य येवो.’ ‘पृथ्वीवरही’मधला ‘थ्वी’सुद्धा नीट. थेट आमेनपर्यंत. मी चादरीचं टोक धरून तशीच उभी. मग धावत जाऊन पेला आणला, समोर धरला. पप्पा, हे काय आहे? ‘ते... ते...’

तेव्हापासून रोज म्हणतात. कोणीतरी पहिली ओळ द्यावी लागते. मध्ये फोन वाजला आणि थांबले तर पुढे जाता येत नाही, परत ‘हे आमच्या’पासून धरावं लागतं. कधी शून्यात बघत म्हणतात. त्यांना काय म्हणतोय ते कळतंय की नाही, मला सांगता येत नाही.

तर मला विचारायचंय ते असं. ही प्रार्थना आहे का? की मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यात उरलेली रेकॉर्ड? ज्या माणसाने जन्मभर याला पोपटपंची म्हटलं, त्याच्याकडे नेमकं तेवढंच शिल्लक राहावं, हे मला पचत नाही.

दुसरं, एक प्रार्थना-गट घरी येऊन गेला. दोन तास हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली, पप्पा घाबरून गेले. जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाले, घरात कोणाचं तरी पाप दडलंय, आणि गोळ्या बंद करून बघा म्हणजे विश्वास दिसेल. गोळ्या चालू आहेत. पण आई तेव्हापासून रात्री जागी असते.

आणि तिसरं माझंच. भाऊ पुण्याला. आठ वाजले की आई माझ्याकडे बघते. मी डोळे मिटते आणि काहीच सुचत नाही. ‘पप्पांना बरं कर’ एवढंच येतं, आणि वर्षभर तेच म्हणून मला त्या वाक्याचा कंटाळा आलाय. लिहायलाही लाज वाटते, पण आलाय.

---

केळीची_वाडी

ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. पोपटपंचीबद्दल तुमच्या पप्पांना सगळ्या वसईतर्फे माफी देऊन टाकतो, काळजी करू नका.

माझी आजी वाडीत राबणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची देवळातली उपासना, लॅटिनमध्ये. धर्मगुरू ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणाले की ही ‘एत कुम स्पिरितू तुओ’ म्हणायची, म्हणजे त्याचं जे काही तिच्या तोंडात बसलं होतं ते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा मराठीत आली, तेव्हा ती म्हणे पहिल्या दिवशी चिडली होती. आता सगळ्यांनाच कळतं, मग मजा काय! अर्थ कळत नव्हता तेव्हा तिची ती प्रार्थना नव्हती का? पहाटे उठून भाजीची टोपली भरायच्या आधी ती देवळात जायची ते कशासाठी मग?

रोजरीचं गणित बाहेरून ऐकणाऱ्याला कळत नाही. दहा दहाचे पाच संच, ५० वेळा ‘नमो मारिया’. शब्दांवर लक्ष ठेवायचं नसतंच मुळी. शब्द तोंडाकडे सोपवायचे, मणी बोटांकडे, आणि मन मोकळं करून रहस्यावर बसवायचं. आनंदाची, दुःखाची, गौरवाची रहस्यं, म्हणजे येशूच्या आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची रहस्यं नव्याने घातली आणि ती गुरुवारी म्हणायला सांगितली. आजी म्हणाली, या वयात नवीन कोण शिकतंय, पोपला सांगा मी गुरुवारी जुनीच म्हणते. मरेपर्यंत गुरुवारी आनंदाची रहस्यंच म्हणत होती.

आमच्यातही खोट आहे, लपवत नाही. ऑक्टोबरात घरोघरी रोजरी फिरते तेव्हा काही ठिकाणी विरार फास्ट सुटल्यासारखी म्हणतात, शेवटची चार अक्षरं गिळून. मी स्वतः म्हटलीये तशी, बाहेर चहा तयार होता म्हणून. पण माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मला एक वाक्य सुचत नव्हतं, तुमच्यासारखंच. खिशात आजीची माळ होती. तिचा एक मणी कधीच हरवलेला, तिथे तिने सुताची गाठ मारून ठेवलीये. रात्रभर बोटं फिरत होती आणि दर फेरीला ती गाठ लागायची. मी काय मागितलं ते मला आठवत नाही. काही मागितलंच नसेल. पण उठून घरी निघून गेलो नाही, एवढं मात्र त्या माळेमुळे.

---

वाचा_उपचार

मी वाणी-उपचारतज्ज्ञ आहे. ख्रिस्ती नाही, फारशी देवभोळीही नाही, त्यामुळे ‘प्रार्थना आहे का’ याचं उत्तर देत नाही. बाकीचं सांगते.

याला वाचाघात म्हणतात. बहुतेक लोकांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या भागात चालतं, आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो, म्हणून उजवी बाजू लुळी आणि बोलणं गेलेलं हे बरेचदा जोडीने दिसतं. स्वतः वाक्य जुळवणं वेगळं आणि हजारदा म्हटलेली ओळ घडाघडा म्हणणं वेगळं. दुसरं पुष्कळदा शाबूत राहतं. अंक, वारांची नावं, गाणी, प्रार्थना आणि, माफ करा, शिव्या. मधूनच सुरू करता न येणं, परत पहिल्यापासून धरावं लागणं हेही याच प्रकारात बसतं. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णाबद्दल लिहिलं, त्याला ‘तान’ एवढंच म्हणता यायचं. त्याचंही सगळं बोलणं गेलं होतं, पण समज बऱ्यापैकी होती. त्यामुळे ‘बोलता येत नाही’ म्हणजे ‘कळत नाही’ असं धरू नका. तुमच्या वर्णनावरून पप्पांना बरंच कळत असावं. ते घाबरले, हे तुम्हीच लिहिलंय.

तीन गोष्टी कळकळीने सांगते. पेला समोर धरून ‘हे काय’ अशी परीक्षा घेऊ नका; पाणी हवं का असं विचारा आणि मान हलवायला वेळ द्या. चित्रं दाखवून बोट ठेवू द्या, चित्रकलेचा मास्तर आहे माणूस! आणि गाणी म्हणा, रोज म्हणा. सुरावर शब्द चढवून बोलणं परत आणायचा प्रयत्न करणारी एक उपचारपद्धती १९७० च्या दशकापासून आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण जवळच्या तज्ज्ञाला नक्की विचारा.

गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला परत उंबरा ओलांडू देऊ नका. झटक्यानंतरच्या गोळ्या दुसरा झटका टाळायला असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

---

विश्वासवीर७७

बायबलमधलं याकोब ५:१५ वाचा. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असं स्पष्ट लिहिलंय. बरं झाले नाहीत म्हणजे विश्वास कमी पडला, वचन खोटं पडत नाही. आणि पाठ केलेली बडबड देवाला चालत नाही, मत्तय ६:७. कटू आहे पण सत्य आहे. उपवास धरा.

---

निवृत्त_पाळक

भगिनी, सलाम.

आधी वरच्या बंधूंना. मत्तय ६:७ मध्ये व्यर्थ बडबड करू नका असं आहे, खरं आहे. पण आपण दोन ओळी पुढे जाऊन ६:९ वाचलं असतं तर तिथे प्रभू म्हणतो, ‘तुम्ही ह्याप्रमाणे प्रार्थना करा’, आणि कोणती देतो? हीच. लूकच्या शुभवर्तमानात तर शिष्य येऊन मागतात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जसं आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. शिकवा म्हटल्यावर शब्द आले, आणि शब्द आले की पाठांतर आलं. आणि याकोबाचं म्हणाल, तर त्यात मंडळीच्या वडिलांनी यावं, तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. आजाऱ्याचा विश्वास काट्यावर तोलावा असं कुठे लिहिलंय ते मला चाळीस वर्षांच्या पाळकीत सापडलं नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. त्याचा विश्वास कमी होता म्हणता? गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून खुद्द प्रभूने प्रार्थना केली, आणि प्याला टळला का, तेही बघा.

आता भगिनी, तुमचं. तुमच्या आईला योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायाचा आरंभ वाचून दाखवा. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणतो, दोघांचंही नाही. रात्री झोपायच्या आधी, हळू, दोनदा वाचा.

पप्पांबद्दल. मी तुमच्या पप्पांच्याच पठडीतला. उत्स्फूर्त प्रार्थना म्हणजेच खरी, हे मीही व्यासपीठावरून ठोकून सांगितलंय. पण मरणाऱ्यांच्या उशाशी बसून बसून माझं मत बदललं. तिथे कोणाला आपले शब्द सुचत नाहीत, ना मरणाऱ्याला, ना पाळकाला. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडून काय निघालं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ते बाविसावं स्तोत्र आहे. आणि पित्याच्या हाती आत्मा सोपवतो ते शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले. त्याने स्वतःचे शब्द नाही जुळवले, भगिनी. पाठ होते तेच निघाले. म्हणून मी पुढे शब्बाथशाळेच्या मुलांकडून स्तोत्रं पाठ करून घ्यायला लागलो. त्यांचे आईबाप म्हणायचे, पाळकसाहेब जुन्या वळणावर गेले.

आपल्या प्रॉटेस्टंट पंथाचा आद्य सुधारक ल्यूथर, त्याने १५३५ साली आपल्या न्हाव्याला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं, प्रार्थना कशी करावी म्हणून त्या बिचाऱ्याने विचारलं होतं. त्यात तो हीच प्रभूची प्रार्थना एकेक ओळ घेऊन शिकवतो, आणि जाता जाता म्हणतो की ही प्रार्थना म्हणजे पृथ्वीवरची सगळ्यात मोठी हुतात्मा, कारण जो तो तिचे हाल करतो. म्हणजे पोपटपंचीची तक्रार तुमच्या पप्पांआधी चारशे वर्षं झालेलीच आहे, फक्त त्यावर उपाय म्हणून त्याने प्रार्थना सोडायला सांगितलं नाही. वस्तऱ्यावर जसं लक्ष ठेवतोस तसं ठेव, म्हणाला.

तुम्हाला वाक्य सुचत नाही आणि कंटाळा आलाय. त्यात लाज कसली? ८८ वं स्तोत्र उघडा. सगळं रडगाणं, आणि बाकीच्या विलापांसारखा शेवटी उजेडही नाही. संपतं ते अंधारावरच. ते पवित्र शास्त्रात ठेवलंय ना कोणीतरी? आठ वाजता तेच वाचा आणि थांबा. ‘आमेन’ म्हणावंसं वाटलं तर म्हणा, नाहीतर जेवायला बसा, भाकरी गार होते.

---

इंद्रायणीकाठ

मी वारकरी घरातला, आळंदीजवळचा. विषय तुमचा, पण राहवलं नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. शेवटी मला ‘कोण पाव्हणं?’ विचारायची. पण संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की टाळी वाजवत सगळे अभंग म्हणायची, आमचा एखादा शब्द चुकला तर रागाने बघायची. मी मानसशास्त्र वगैरे शिकलेलो नाही. एवढंच सांगतो की ती तेव्हा आमच्यात असायची. दिवसातून अर्धा तास.

टिळकांचं नाव वाचून बरं वाटलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे ना? पप्पांना त्यांच्या अभंगाच्या चालीतली गीतं म्हणून बघा. ती चाल अंगात मुरलेली असते, इंग्रजी चालींचं मला माहीत नाही.

---

भिंगारची

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात घरात थोडं काय काय झालं.

आईला योहान ९ वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिने मला थांबवलं आणि म्हणाली, ‘मग त्या बायांना हे माहीत नव्हतं का?’ खूप दिवसांनी चिडलेली दिसली. त्या रात्री झोपली. विश्वासवीर, तुमच्याशी वाद घालायचा नाहीये. फक्त एकदा येऊन तिच्याशेजारी रात्रभर जागून बघा.

वाचा_उपचार ताईंनी चित्रांचं लिहिलं तेव्हा मला पप्पांची प्रार्थनेची वही आठवली. ती आम्ही कोणी कधी उघडली नव्हती. प्रार्थनेच्या आधी ते त्यात डोकावायचे, मला वाटायचं नावांची यादी असणार. कपाटातून काढली, शाळेच्या हजेरीच्या जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर केलेली. नावं नाहीत त्यात. चित्रं आहेत! पेन्सिलीने, अंगठ्याएवढी. स्कूटर, म्हणजे रोज श्रीरामपूरला जाऊन-येऊन नोकरी करणारा माझा मामेभाऊ. कढई, म्हणजे मावशी, तिचा हात तेलाने भाजला होता तेव्हा. कुबडी. परीक्षेचा पॅड. ती म्हैस, पोटाशी रेडकू, आणि शेजारी बारीकशी बरोबरची खूण, मास्तर वहीत करतात तशी. काही चित्रांपुढे खूण आहे, बऱ्याच चित्रांपुढे नाही. खूण नसलेली चित्रं पुढच्या पानावर पुन्हा काढलेली. एक दार आहे, अर्धवट उघडं, ते अकरा पानांवर आहे. आईने बघितलं आणि लगेच म्हणाली, ‘तुझा काका.’ काका घर सोडून गेले तेव्हा मी सहावीत होते.

मग त्या रात्री आठ वाजता मी उभी राहिले नाही. पलंगावर त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि वही उघडून मांडीवर ठेवली. पप्पांनी बघितलं, आणि डावा हात उचलून बोट ठेवलं. कुबडीवर. ती माझ्या आत्याची, ती गेली चार वर्षांपूर्वी. मी काही बोलले नाही. बोट दारावर गेलं, तिथे बराच वेळ थांबलं. मग एका छत्रीवर. छत्री कोणाची ते आईला माहीत नाही, मलाही नाही. मी म्हटलं, छत्रीसाठी. आई फस्सकन हसली, पप्पाही हसले, तोंडाच्या एका बाजूने. मग मी ‘हे आमच्या’ दिलं आणि पप्पांनी पुढे नेलं, आम्ही दोघी मागे. पूर्वीही ते पुढे आणि आम्ही मागे असंच होतं, फक्त आता तीन मिनिटांत आटपतं.

पाळकसाहेब, ८८ वं स्तोत्र एकदा वाचलं. आईला नाही आवडलं. मी मात्र एकटी असताना वाचते.

केळीची_वाडी, शून्यात बघत म्हणतात त्याबद्दल आता मी फार विचार करत नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ला हल्ली ते स्वयंपाकघराकडे बघतात. योगायोग असेल. आठची वेळ आहे, तव्यावर भाकरी असते, वास येतो. तसंच असेल.

आणखी एक गंमत. परवा जेवताना मी भात वाढत होते. त्यांना पुरे म्हणायचं होतं, तोंड उघडलं, ‘ते... ते...’ झालं, वैतागले, आणि मग एकदम ठणठणीत आवाजात म्हणाले, ‘आमेन!’ तेव्हापासून आमच्या घरात आमेन म्हणजे बास. कालच चहात दुसरा चमचा साखर घालत होते तर आमेन. न्हावी दाढी करून कानावरचे केस कापायला लागला, त्यालाही आमेन. त्याला काय कळणार, तो कापत राहिला.

गाण्याचं सुरू केलंय. इंद्रायणीकाठ, तुमचं बरोबर निघालं. इंग्रजी चालीच्या गीतात नुसते गुणगुणतात, टिळकांच्या गीतात ओळीच्या शेवटचे शब्द येतात. वाणी-उपचाराला पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीये. अडचण एकच, पेटी वर्षभर बंद राहिल्याने भात्याला चीर गेलीये, दोन स्वर दाबले की वारा सुटतो. नगरमध्ये किंवा जवळपास चांगला पेटी दुरुस्त करणारा कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घरी येणारा असेल तर फार बरं, पप्पांना समोर बसून बघायला आवडेल.